गाण्याला मान, भाषेला दार बंद!

फिलिपाईन्सच्या उत्तरेस, लुझोन बेटावरील कॉर्डिलेरा डोंगररांगांत इफुगाओ आदिवासी राहतात. त्यांच्या पूर्वजांनी डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरे उभी केली. १९९५ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. पेरणी-कापणीला आणि मर्तिकाच्या रात्री त्यांच्या जाणत्या स्त्रिया 'हुधुद' गातात. २००८ साली या गाण्यांनाही युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. जगाने टाळ्या वाजवल्या. पण टाळ्यांनी संस्कृती जगते काय?

२०१३ च्या कायद्याने बालवाडी ते तिसरीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरले होते. २०२४ साली नव्या कायद्याने ही सक्ती काढून फिलिपिनो व इंग्रजीला पुन्हा पुढे केले. सर्व मुले एकाच मातृभाषेची असतील अशा वर्गांनाच सवलत आहे, तीही ऐच्छिक. आजीचे गाणे नातवाला कळेनासे झाले, तर युनेस्कोचा दाखला काय चाटायचा?

जमिनीची कथाही अशीच. शेजारच्या बेंगेटमधील इबालोई जमातीचे मातेओ कारिन्यो यांच्या खटल्यात १९०९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींची पूर्वापार वहिवाटीची जमीन ही सरकारी जमीन नव्हे, असे मानले. तेव्हा हा देश अमेरिकेच्या ताब्यात होता. स्वतंत्र फिलिपाईन्सला मात्र असा स्वतंत्र कायदा करायला १९९७ साल उजाडावे लागले. त्यालाही आव्हान दिले गेले. २००० साली न्यायमूर्तींची मते सात विरुद्ध सात अशी पडली आणि केवळ म्हणून कायदा टिकला! हक्क किती बारीक धाग्यावर लोंबकळतात, हे आम्हा वकील मंडळींना वेगळे सांगायला नको.

इफुगाओंनी जुनेच कवटाळून बसावे, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या मुलांनी जरूर डॉक्टर व्हावे, वकील व्हावे. पण त्यासाठी स्वतःची भाषा टाकण्याची अट का? दुर्लक्षामुळे ही खाचरे २००१ साली धोक्यातील वारशाच्या यादीत गेली आणि २०१२ साली त्यातून बाहेर आली. ढासळलेला बांध पर्यटक लावत नाही, तो इफुगाओ शेतकरीच लावतो. म्हणून त्याची जमीन, त्याची भाषा आणि त्याचे भवितव्य यांवर अंतिम शब्द त्याचाच असला पाहिजे. मान नको, आधी हक्क द्या!