बँकॉकच्या मंडईत

मैत्रिणींनो, ह्यांची बदली बँकॉकला झाली तेव्हा मला काळजी होती ती एकाच गोष्टीची, सासूबाईंच्या जेवणाची. त्या शुद्ध शाकाहारी, एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या. इथे येऊन पाहते तो काय, मंडईत सगळं ओळखीचंच! कोहळा, केळफूल, कच्ची पपई, शिवाय नारळ तिथल्या तिथे खवून, दूध काढून देतात. मी अगदी निर्धास्त झाले.

आमच्या नाक्यावर एक बाई खलबत्त्यात 'सोम तम' कुटून देते. पपईचा कीस, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, दाणे, मिरची, लिंबू, गूळ. दिसायला आपली कोशिंबीरच. सासूबाईंना फार आवडली. दोन महिने आणत होते. मग एकदा शेजारीण सहज बोलून गेली, त्यात 'नाम प्ला' असतं. म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी!

माझ्या पोटात गोळाच आला. हे म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सांगूनच टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस नुसतं दूध आणि फळं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मीठ घालून घरीच करत जा. लिंबू जरा जास्त पिळ."

तुम्ही कुणी इकडे आलात तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'माय साय नाम प्ला', म्हणजे ते पाणी घालू नका, असं सांगा आणि शेवटी 'खा' म्हणा. बायकांनी बोलताना लावायचा तो आदराचा शब्द, जेवणाशी संबंध नाही! पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान मात्र बिनघोर. तिथे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, दूध आणि कांदा-लसूणही नाही. फक्त ते थाई अक्षर आधी ओळखायला शिका. वजन 'खीत'मध्ये सांगतात. एक खीत म्हणजे 100 ग्रॅम, तेव्हा पाव किलोला अडीच खीत. डाळी-मसाल्यांसाठी पाहुरात भागात भारतीय दुकानं आहेत.

एक सांगायचं राहिलं. भाजीवाल्यांकडे तुळशीच्या जुड्या मिळतात. इथे ती मिरची-लसणीबरोबर मांसात परततात. सासूबाईंना कसं सांगावं, हा मला पुन्हा प्रश्न. पण त्यांनीच जुडी उचलली आणि दोन काड्या गॅलरीतल्या कुंडीत खोचल्या. एक रुजली आहे.