रक्ताची साक्ष

साथ ओसरली की गावोगाव एक वाक्य कानी येते : “आमच्याकडे काही झालेच नाही.” वाचकहो, हे बोलणे कितपत खरे मानावे, याचा विचार आज आम्ही करणार आहोत.

करोनाच्या साथीत सरकारदरबारी नोंद होई ती तपासणी झालेल्या रुग्णांचीच. पुष्कळांना हा रोग थोडी कणकण देऊन, कित्येकांना तर काहीच लक्षण न दाखविता स्पर्शून गेला. त्यांची गणती कशी व्हावी? ती साक्ष त्यांचे रक्तच देते. विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी झुंजणारी प्रतिपिंडे रक्तात उत्पन्न होतात व रोग गेल्यावरही काही महिने टिकतात. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गावे व घरे निवडून माणसांचे थोडे थोडे रक्त तपासतात. शितावरून भाताची परीक्षा, तीच ही रीत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० च्या मे-जून महिन्यांत ७० जिल्ह्यांतील २८,००० प्रौढांची अशी पाहणी केली. शंभरांत एकाच्याही रक्तात खूण नव्हती, प्रमाण ०.७३ टक्के. तरीही नोंदलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० जणांना लागण झाली असावी, असा हिशेब निघाला! २०२१ च्या जून-जुलैत हेच प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोहोचले. त्यात लस घेतलेलेही होते.

मग आता भय कशाचे, असे कोणी म्हणेल. त्याने ब्राझीलमधील मानाउस शहराकडे पाहावे. रक्तपेढीतील नमुन्यांवरून २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत तेथील सुमारे ७६ टक्के लोकांना लागण होऊन गेली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला होता. तरी २०२१ च्या जानेवारीत तेथे पुन्हा साथ उसळली आणि प्राणवायूवाचून रुग्ण दगावले. प्रतिपिंडे कालांतराने ओसरतात, विषाणू रूप पालटतो, आणि रक्तदाते म्हणजे काही सारे शहर नव्हे.

तेव्हा असा आकडा म्हणजे अभयपत्र नव्हे. झालेल्या वाटचालीचा तो मैलाचा दगड आहे. पुढे कधी आरोग्यसेविका अशा पाहणीसाठी आपल्या दारी आली, तर “आम्ही धडधाकट आहोत” म्हणून तिला परतवू नये. धडधाकटाच्या रक्तातच तर न दिसलेल्या रोगाची नोंद असते. आपले चमचाभर रक्त साऱ्या जिल्ह्याच्या उपयोगी पडेल, याहून स्वस्त परोपकार आम्हांस तरी ठाऊक नाही.