घना कोणाचा?

भरतपूरला पक्षी बघायला जायचं तर नाताळच्या सुट्टीत, असा एक समज आपल्याकडे पक्का झाला आहे. मुलांना सुट्टी असते, थंडी छान असते, पक्षीही भरपूर असतात. सगळं खरं. पण मला विचाराल तर फेब्रुवारी संपता संपता जावं. आलेल्या पाहुण्यांचं कौतुक सगळेच करतात, निघालेल्या पाहुण्यांची लगबग बघण्यात निराळीच गंमत असते. (माहेरपण संपवून लेक निघाली की घरात जी धांदल उडते ना, तशी.)

आम्ही दोघं 2015 च्या फेब्रुवारीत गेलो ते मुलीमुळे, ती तेव्हा दिल्लीत होती. वाटेत मोहरीची शेतं, सावरीला लालभडक फुलं, आणि पहाटेचं असं धुकं की समोरचा माणूस दिसू नये. आत मोटार नेता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा सायकलरिक्षा करावी लागायची. हे रिक्षावाले नुसते रिक्षावाले नाहीत, पक्षी दाखवायचं शिक्षण त्यांना मुद्दाम दिलेलं आहे. आमच्या सरदारजींना सगळी नावं इंग्रजीत तोंडपाठ. ते ‘बार-हेडेड गूज’ म्हणायचे, मी ‘पट्टकादंब’ म्हणायची, आणि आमचे हे दोघींकडे-दोघांकडे न बघता सरळ ‘बदक’ म्हणून मोकळे व्हायचे!

हा पट्टकादंब म्हणजे पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसाच्या जातीचा पक्षी. लडाख, तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. वाटेत हिमालय ओलांडतो. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्रं बसवून पाहिलं तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरच्याही वर गेलेले आढळले. त्या आठवड्यात थवेच्या थवे माना खाली घालून नुसते चरत होते. प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. आता निघायचं, हे त्यांना कोण सांगतं? मुख्यतः वाढत जाणारा दिवस. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो, तो तीळ पक्ष्यांच्या शरीराला मोजता येतो.

पण आज मला लिहायचं आहे ते वेगळंच.

केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी पाट्या आहेत. केवलादेव म्हणजे महादेव, त्याच्यावरूनच या जागेचं नाव पडलं. पाट्यांवर दानधर्माच्या नोंदी नाहीत, शिकारीच्या आहेत. तारीख, पाहुणे, बंदुका आणि मेलेले पक्षी. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात 4,273 पक्षी. मी आकडा दोनदा वाचला.

म्हणजे आपण ज्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून मान देतो, तो घना राजेलोकांनी बदकं मारायला तयार केलेला आहे. मुळात तो एक खोलगट भाग, गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी अजान बांधानं अडवलेलं. पुढे संस्थानिकांनी तिथे लहान लहान बांध घालून, दारं बसवून पाणी खेळवलं. सगळं मिळून जेमतेम 29 चौरस किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर हे पाणी आणि ही जमीन शेतीला द्या, अशी मागणी झाली. तेव्हा सालिम अलींनी थेट नेहरूंपर्यंत शब्द टाकला म्हणून घना वाचला. त्यांचे त्या माणसाचे उपकार आहेतच. मुंबईच्या बी.एन.एच.एस.नं इथे पक्ष्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यातली काही बदकं पार सैबेरियात सापडली, हेही त्यांच्याच काळातलं.

आता पुढची गोष्ट. घना राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982 मध्ये आत गुरं चारायला बंदी आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तिथे चरत होत्या. सालिम अलींचंही मत बंदीच्याच बाजूचं होतं. त्या नोव्हेंबरात गावकरी आत शिरायला निघाले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पक्ष्यांसाठी माणसं मेली हो! सुशोभित माहितीपत्रकात हे सापडत नाही.

आणि झालं काय? म्हशी गेल्यावर पाण्यात एक गवत बेफाम माजलं. मोकळं पाणी आक्रसलं, बदकांना पोहायला आणि माशांना फिरायला जागा उरेना. बी.एन.एच.एस.नंच 1980 ते 1990 अशी दहा वर्षं इथे अभ्यास केला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की म्हैस या तळ्याची शत्रू नव्हती, ती तळं साफ ठेवत होती. बंदी सुचवणाऱ्यांच्याच संस्थेनं हे प्रामाणिकपणे लिहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं. माधव गाडगीळांनीही हे उदाहरण वेळोवेळी दिलं आहे. तरी बंदी आहे तशीच राहिली. एकदा ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटलं की कायद्यात म्हशीला जागा नाही.

सैबेरियन क्रौंचाचं दुःख निराळं. 1960 च्या दशकात इथे दोनशेच्या आसपास यायचे. ओब नदीच्या खोऱ्यातून निघून पाच हजारांवर किलोमीटर उडत यायचे. वाटेत अफगाणिस्तान, पाकिस्तानात शिकार व्हायची. कमी होत होत 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर नाही. सरदारजींनी ती जागा हातानं दाखवली. तिथे दोन सारस उभे होते, आणि सारस इथलेच, ते कुठे जात नाहीत.

आणि सगळ्याच्या मुळाशी पाणी. घन्याला वर्षाला साधारण 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि पाणी तिथेच अडलं. तिथल्या शेतकऱ्यानं का सोडावं? त्याच्या घरचा प्रश्न आहे. 2007 च्या सुमारास तर तळी कोरडी पडली आणि त्यांत वेडी बाभूळ माजली. ती काढली कोणी? ज्यांना बाहेर काढलं होतं त्याच गावांनी. काढाल ते लाकूड तुमचं, असं ठरलं आणि माणसं कामाला लागली. पंचवीस वर्षांपूर्वी असंच बोलणं झालं असतं तर, असं माझ्या मनात येतंच. पुढे गोवर्धनकडच्या नाल्यातून पुराचं पाणी आणायची सोय झाली. पण पाऊस कमी झाला की दरवर्षी पुन्हा तेच, कोणीतरी कृपा करून पाणी सोडायचं.

माझं म्हणणं साधं आहे. पक्ष्यांचं पाणी हे दान नको, त्यांचा वाटा म्हणून कागदावर हवा, आणि त्याची किंमत करौलीच्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी नको. ती आपण भरावी, हजारो रुपयांच्या दुर्बिणी गळ्यात अडकवून जाणाऱ्यांनी. तिकीट दुप्पट करा, मी देईन. आणि ठरावीक म्हशी, ठरावीक महिने, आत सोडून बघा. माझे एक पक्षीप्रेमी आप्त यावर चिडतात. “तुला पक्षी हवेत की म्हशी?” म्हणतात. अहो, तळं हवं आहे!

आपल्याकडचं नांदूरमध्यमेश्वर तरी काय आहे? गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा, शेतीसाठी घातलेला. गाळ साठला, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. तिथेही भोवती ऊस आहे, द्राक्षं आहेत, पाण्याची ओढाताण आहे. तेव्हा भरतपूरची गोष्ट नाशिककरांनी जरा लक्षपूर्वक वाचावी.

असो. जाणार असाल तर मार्च फार पुढे ढकलू नका. पट्टकादंब एका रात्रीत निघून जातात आणि सकाळी बांधावर नुसती चरलेली हिरवळ उरते.