आधी अर्थिंग, मग सर्व्हर!

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या नावावर आणि मतं माझ्या नावावर, असं आमचं ठरलंय.

मत सरळ आहे. सदाशिव पेठेसारख्या जुन्या वस्तीत सर्व्हरचा रॅक बसवायचा असेल तर पहिला खर्च अर्थिंगवर व्हायला हवा. सध्या तो सगळ्यात शेवटी होतो, आणि बरेचदा चार इंच वायरीत आटोपतो. ती चार इंचांची वायर कुठली, ते पुढे येईलच.

आपल्यातले किती तरी जण क्लास आणि अभ्यासिकांच्या निमित्ताने पेठेत पडीक असतात. खाली लाकडी वाडा, वर पत्र्याची खोली आणि आत ऑनलाइन टेस्ट घेणारे सर्व्हर, हे दृश्य आता नवीन नाही. पण रॅक म्हणजे मिक्सर नव्हे. सर्व्हरच्या प्रत्येक पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून थोडासा करंट सतत चॅसिसमार्गे अर्थमध्ये सोडतात. हा बिघाड नाही, डिझाइनच तसं आहे. प्लगवर चालणाऱ्या अशा यंत्राला साधारण ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते. अर्थ नसेल तर चॅसिस सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. एकाच मशीनला हात लावला तर नुसत्या झिणझिण्या. पण रॅकमध्ये सगळी मशीनं एकाच लोखंडाला स्क्रूने आवळलेली असतात, म्हणजे सगळ्यांचे करंट एकत्र येतात. दहा मशीनं, प्रत्येकी एक मिलिअँपिअर, झाले दहा. आणि दहाच्या आसपास माणसाचा हात सुटेनासा होतो.

मग वाड्यात अर्थ असतो कुठे? पूर्वी तो नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. परवानगीशिवाय असं करायला नियमात मनाई आहे, पण चालायचं. पुढे पाइप गंजले, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे आले. पाणी येत राहिलं, दिवे लागत राहिले, अर्थ मात्र गुपचूप गेला! तिसऱ्या भोकात हिरवी वायर अजून आहे, फक्त ती कुठेच पोचत नाही.

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने पेठेतल्या एका क्लाससाठी चार सर्व्हर बसवून द्यायचं काम घेतलं. (क्लासचं नाव नको, चहा चांगला देतात.) मशीनं सुरू करण्याआधी न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर जवळपास नव्वद व्होल्ट. कंपन्या साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत मागतात. नव्वद म्हणजे अर्थ हवेत लटकतोय. क्लासचे वायरमन काका आले, सॉकेट उघडलं, चार इंच वायर कापली आणि आतल्या आत न्यूट्रल व अर्थ जोडून मोकळे झाले. "बघा ताई, झीरो!" मीटर खरंच शून्य दाखवत होता.

तो शून्य खोटा आहे. स्वतःच्याच दोन टोकांना जोडलेल्या वायरीवर शून्यच येणार, त्यात जमिनीचा संबंध कुठे आला? आता मागे कुठे तरी न्यूट्रल तुटला, आणि जुन्या कटआउटमध्ये तो तुटतोच, तर सगळे सर्व्हर आणि रॅकची दारं फेजवर येतात. किंवा खांबावर दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तरी तेच. शिवाय न्यूट्रलचा काही करंट आता हिरव्या वायरीतून परत जाऊ लागतो, म्हणून आरसीसीबी पडते. मग "ही सारखी पडते" म्हणून तीही काढून टाकतात! वाचवणारी एकच वस्तू होती, तीही गेली.

आम्ही सांगितलं की खड्डा केल्याशिवाय मशीनं चालू होणार नाहीत. इथून खरी गंमत सुरू झाली. खड्डा चौकात घ्यावा लागणार. चौक मालकाचा, वीज भाडेकरूची, आणि वाडा आज ना उद्या बिल्डरकडे जाणार. मालक म्हणाले, पडणाऱ्या इमारतीत मी पैसे का घालू? क्लासवाले म्हणाले, दुसऱ्याच्या जागेत मी का घालू? दोघांचंही व्यवहाराला धरून बरोबर आहे, म्हणून तर पेठेतल्या वायरिंगला हात लागत नाही. पण रीडेव्हलपमेंटची वाट दहा वर्षं पाहता येते, शॉक लागायला एक सेकंद पुरतो. तीन आठवडे खोकी बंद राहिली. शेवटी खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला.

खड्डा खणला की संपलं, असंही नाही. पुण्यात बरेच ठिकाणी थोडं खाली मुरूम, मग काळा दगड. कोळसा-मीठ घालूनही रेझिस्टन्स २० ओहम राहिला असं धरा. फेज बॉडीला लागला तर करंट २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी पडणारच नाही! म्हणून खड्ड्यासोबत आरसीसीबी हवीच. तीस मिलिअँपिअरवाली पंधरा ते तीसच्या मध्ये कुठेही पडू शकते, तेव्हा सगळा रॅक एकीवर न टाकता दोन-तीन सर्किटांत वाटायचा. काढून टाकायची नाही.

एक सूचना उत्साही ज्युनिअर्सना. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. एक प्लग काढून "बंद केलं" म्हणत हात आत घालू नका, दुसरा यूपीएसवर जिवंत असतो. आणि तपकीर गल्लीतून आणलेल्या स्पाइक बस्टरमध्ये बसत नाही म्हणून थ्री पिनची जाड पिन कापणाऱ्यांनी एवढं बघावं, की ती बाकी दोन पिनांपेक्षा लांब केलीय. अर्थ आधी जोडला जावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा, एवढ्यासाठी.

आता आपल्या घरचं. हॉस्टेलच्या कॉम्प्युटर रूममध्ये रॅक येणार असं ऐकते. कोटेशनमध्ये एसी आहे, काचेचं दार आहे, अर्थिंगची ओळ कुणी पाहिली असेल तर मला दाखवावी. इलेक्ट्रिकलच्या लॅबमधला अर्थ टेस्टर वर्षातून एका प्रॅक्टिकलपुरता बाहेर येतो. पेठेत खुंट्या ठोकायला मोकळी माती सापडत नाही, आपल्याकडे अख्खं ग्राउंड आहे. सरांनी टेस्टर दिला तर येत्या रविवारी सकाळी मी हातोडी घेऊन येते. रीडिंग मेसच्या बोर्डावर लावू.