कोबा रंगवायचाय? आधी ओल बघा

घरातला कोबा रंगवायचा म्हणून गिऱ्हाईक आलं, की आपण लगेच डबा काढून देतो. माझ्या मते ही चूक आहे. आधी विचारा, "ओल बघितली का?"

आपल्या उमापूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते. जुन्या घरांत कोब्याखाली बहुतेक वेळा प्लास्टिक टाकलेलं नसतं. ओल खालून वर येते, रंगाला फुगे येतात, मग पापुद्रे निघतात. रंग कितीही महागाचा असू द्या.

ओल बघायला खर्च नाही. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. आज संध्याकाळी लावलं तर उद्या दुपारी काढा. कमीत कमी 16 तास झाले पाहिजेत. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर थांबा. नवा कोबा असेल तर 28 दिवस तरी जाऊ द्या.

कोरडा निघाला तरी घाई नको. घोटलेला कोबा गुळगुळीत असतो, रंग धरत नाही. मशीनने घासा, धूळ काढा, पाण्याचा थेंब टाकून बघा. मुरला तर ठीक, तसाच राहिला तर अजून घासा. आणि इपॉक्सी घरातच वापरा. अंगणात उन्हाने पिवळा पडतो.

हे सगळं सांगितलं तर आजची विक्री कदाचित जाईल. जाऊ द्या. पापुद्रे निघालेलं गिऱ्हाईक मात्र परत येत नाही, चार जणांना सांगतं ते वेगळंच.