आवाज येतो, शब्द येत नाहीत

गेल्या दिवाळीत आमच्या घरी होम थिएटर आले आणि पंधरा दिवसांत आईने आमच्याबरोबर चित्रपट पाहणे सोडून दिले. तिचे वय ८२. जेवण झाले की ती मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसू लागली. दोन-तीनदा बोलावूनही आली नाही तेव्हा मी कारण विचारले. "अरे, आवाज येतो, शब्द येत नाहीत," एवढेच ती म्हणाली. वीस वर्षे वर्गात ध्वनिविचार शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य चांगलेच झोंबले. तक्रारीच्या सुरात तिने अचूक निदान केले होते.

त्या संध्याकाळी लावला होता आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. १९५३ सालचा, एकाच वाहिनीवर ध्वनिमुद्रित झालेला चित्रपट. जुन्या दूरदर्शन संचाच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो तिने अनेकदा पाहिला होता, आणि एकही वाक्य तिच्या हातून सुटले नव्हते. नव्या यंत्रणेत मात्र श्यामची आई पाच दिशांनी बोलत होती, कारण जोडणी करून देणाऱ्याने 'हॉल' नावाचा कृत्रिम घुमारा चालू ठेवला होता. पार्श्वसंगीताचा प्रत्येक खालचा सूर कोपऱ्यातली काळी पेटी गुरगुरत घोटत होती.

चूक अर्थात आमचीच. ही यंत्रणा आम्ही कशी निवडली ते आठवले की आजही ओशाळायला होते. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत आम्हाला बसवले गेले; पडद्यावर स्फोट झाला, एक हेलिकॉप्टर पाठीमागून येऊन डोक्यावरून पुढे गेले. सोफ्यासकट आम्ही हादरलो आणि त्या हादऱ्याचे पैसे मोजून घरी आलो. एखादा माणूस शांतपणे दोन वाक्ये बोलतो आहे असा प्रसंग लावून दाखवा, असे म्हणण्याचे तिथे कुणालाच सुचले नाही. मराठीच्या प्राध्यापकालाही नाही.

माझे म्हणणे असे की होम थिएटरची निवड आपण उलट्या टोकाकडून करतो. '५.१' या संख्येकडे जरा नीट पाहावे. पाच पूर्ण वाहिन्या आणि दशांश चिन्हानंतरचा एक. तो एक म्हणजे केवळ खर्जाच्या परिणामांसाठी राखलेली वाहिनी. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. या वाहिनीच्या वाट्याला त्यातले फक्त १२० हर्ट्झपर्यंतचे क्षेत्र येते, म्हणून तिला पूर्णांकाचा मान नाही. उलट चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद मधल्या, म्हणजे पडद्याखाली किंवा पडद्यामागे ठेवायच्या, एकाच स्पीकरमधून येतात. तरीही ग्राहकाची पहिली चौकशी असते ती 'बेस किती आहे' ही, आणि मधला स्पीकर संचाबरोबर जो येईल तो मुकाट घेतला जातो. नाटकात प्रमुख नटाला बदली म्हणून कुणीही उभा करावा आणि सगळा खर्च विजांच्या कडकडाटावर करावा, तसला हा प्रकार.

संवाद का हरवतो, याचे उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. काका, बाबा, दादा, मामा, नाना हे शब्द घ्या. स्वर सगळ्यांत तोच. व्यंजने पुसली तर घरातले सगळे पुरुष एकच होतात. बोलण्याचा जोर बव्हंशी स्वरांत असतो आणि तो तुलनेने खालच्या कंप्रतांमध्ये राहतो. अर्थाचा भेद करणारी व्यंजने, विशेषतः स, श, च, त, ही दोन हजार हर्ट्झच्या वर, क्षीण आणि क्षणभंगुर अशी येऊन जातात. वार्धक्यात श्रवणशक्ती क्षीण होते ती सहसा वरच्या कंप्रतांपासून. म्हणून वृद्ध माणसाला 'आवाज' ऐकू येतो आणि शब्द निसटतात. त्यात खालचा मोठा ध्वनी आपल्या वरच्या ध्वनींना झाकून टाकतो, हा कानाचाच धर्म आहे. सबवूफर जितका उन्मत्त, तितकी आईची व्यंजने कमी. आवाज वाढवून काही उपयोग नाही. त्याने खर्जही वाढतो.

म्हणून दुकानात जाताना स्फोटांची नव्हे, बोलण्याची तबकडी न्यावी. मी आता ज्याला त्याला सांगतो, 'चार चमचे' हे दोन शब्द ऐकून पाहा. 'चार'मधला तालव्य च आणि 'चमचे'मधला सुरुवातीचा दंततालव्य च हा फरक डोळे मिटून, हळू आवाजात कळला तर मधला स्पीकर घ्यावा. डावा-उजवा त्याच्याच मालिकेतला असावा, नाहीतर पडद्यावर चालत जाणारे पात्र मध्येच आवाज बदलते. मागचे दोन लहान चालतात. सबवूफर शेवटी, उरलेल्या पैशांत. वॅटच्या आकड्यांना भुलू नये. 'पीएमपीओ' नावाखाली टेपरेकॉर्डरएवढ्या पेट्यांवर हजारो वॅट छापलेले आपल्या पिढीने पाहिले आहेत.

आता खर्जाच्या या वेडाविषयी थोडे. आमच्या भागात, कोल्हापूर-सांगलीकडे, 'डॉल्बी' हे सामान्यनाम आहे. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी. 'डॉल्बी लावली', 'डॉल्बीवर बंदी आली' अशी वाक्ये मी विद्यार्थ्यांच्या निबंधांत तपासली आहेत. शब्दांचे अर्थ बदलतात हे आपण शिकवतो, पण इतका उलटा प्रवास केलेला शब्द मला दुसरा सापडत नाही. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. इथून परत गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिचे पहिले काम होते गोंगाट कमी करणे. ध्वनिफितीवर मुद्रित संगीतामागे जी सळसळ राहते ती दाबून टाकणारी युक्ती त्याने शोधली, जेणेकरून गायकाचा हळुवार श्वासही ऐकू यावा. सळसळसुद्धा ज्याला सोसवत नव्हती त्याच्या नावाने आज आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या भिंतींचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

आमच्या घरच्या सबवूफरमध्ये ही मिरवणूक शिरली आहे, असे मला वाटते. छाती हादरली म्हणजे ऐकले, हा श्रवणाचा नवा निकष आपण रस्त्यावरून दिवाणखान्यात आणला. गंमत अशी की कायद्याचे मोजमापही इथे कमी पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, पण ती ज्या 'ए' मोजपट्टीवर मोजतात तिच्यात ५० हर्ट्झच्या खर्जातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. शेजाऱ्याच्या भिंतीतून जे आरपार जाते ते नेमके हेच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात, अगदी सौम्यपणे, "तुमच्याकडे रात्री काही दळण असते का?" असे विचारले होते.

माझ्या एका सहकाऱ्याला हे सगळे पटत नाही. त्याच्या मते चित्रपट म्हणजे नभोनाट्य नव्हे. शरीराला जाणवणारा ध्वनी हाही अनुभवाचाच भाग आहे, आणि तुम्ही शब्दपूजक मंडळी तो नाकारता. त्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. 'सैराट'मधले (२०१६) 'झिंगाट' तळाशिवाय ऐकले तर त्यातली जत्राच निघून जाते. पण त्याच चित्रपटाचा शेवट आठवावा. त्या लहान मुलाची पावले उमटत जातात तेव्हा पडद्यावर आवाजच उरत नाही, आणि प्रेक्षागृहातले कुणी श्वास घेत नाही. ती शांतता कुठल्या पेटीतून येते? खर्ज माझा शत्रू नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती त्या खर्जासाठीच. पण वादकाने हात उचलला की तो थांबतो. मी सबवूफर पारखतो तो पखवाजावर: थाप संपल्यावरही पेटी घुमत राहिली तर ती कितीही महाग असो, नको. आणि आवाजाची पातळी अशी ठेवावी की सबवूफर चालू आहे हे तो बंद केल्यावरच कळावे.

पुष्कळसा दोष मात्र खोलीचा असतो, आणि तो फुकटात दुरुस्त होतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास. आमची खोली १४ फूट लांब, म्हणजे बरोबर तिच्या निम्म्याने. अशा खोलीत तो सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि पेटी कोपऱ्यात असेल तर सर्वांत जास्त. उपाय जुना आणि हास्यास्पद आहे: सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, पखवाज लावायचा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरायचे. जिथे बोल स्वच्छ ऐकू येतील तिथे मग पेटी ठेवायची. पन्नाशीकडे झुकलेला प्राध्यापक जमिनीवर रांगतो आहे हे दृश्य माझ्या मुलीने मोबाइलवर टिपून ठेवले आहे.

पेटी कोपऱ्यातून निघून पुस्तकांच्या कपाटाजवळ आली. तिचा आवाज अर्ध्याहून खाली आणला, 'हॉल' बंद केला, मधला स्पीकर बदलून त्याचे तोंड किंचित वर, कानाच्या रोखाने केले. मग पुन्हा 'श्यामची आई' लावला आणि आईला बोलावले नाही. वीसेक मिनिटांनी ती दाराशी येऊन उभी राहिली, नंतर खुर्चीवर बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. उठताना तिने कपाटाकडे पाहिले.

"ती पेटी तिथे कशाला ठेवलीस? केर काढताना आडवी येते."