किल्ला त्यांचा, तारा आमचा

जयाजीराव शिंद्यांच्या नावापुढे 'सर' लिहिताना आपले काही मराठी लेखक अजूनही छाती फुगवतात. मला राग येतो.

१८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने 'स्टार ऑफ इंडिया' ही सरदारकी काढली आणि पहिल्याच वर्षी ग्वाल्हेरच्या महाराजांना त्यात घेतले. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे हे बक्षीस. पदकावर क्रूस नाही, राणीचा मुखडा. हिंदू-मुसलमान राजे बिचकू नयेत म्हणून! धारक वारला की पदक सरकारजमा.

आणि ग्वाल्हेरचा किल्ला? १८५८ च्या जूनपासून तिथे इंग्रजी फौज होती, ती १८८६ पर्यंत. १८७४ मध्ये महाराजांनी जयविलास महाल बांधला. वर डोंगरावर पहारा परक्यांचा. किल्ला परत मिळाला तोही झाशी देऊन.

युरोपातले जुने संघ निदान स्वतःच्या तलवारीवर जगत. पोर्तुगालच्या 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'चा (स्थापना १३१९) क्रूस शिडांवर रंगवून कोण आले, हे गोमंतकीयांना सांगायला नको.

कुणी म्हणेल, महादजींनीही बादशहाची पदवी घेतलीच ना? घेतली की. १८७४ नव्हे, १७८४ ची गोष्ट. वकील-इ-मुतलक, तेही पेशव्यांच्या नावे. पण तेव्हा फौज महादजींची होती आणि बादशहा तिच्या आसऱ्याला. स्वतःला ते पाटीलच म्हणवत.

'सर' लिहायचेच तर खुशाल लिहा. शेजारी कंसात १८५८–१८८६ हेही छापा.